बाळाच्या पायाला सहावं बोट : काढायचं का, कधी आणि कसं?

एपिसोड ऐकून झाला असेल आणि घरच्यांना वाचून दाखवायचा असेल, किंवा ऐकायला वेळच मिळाला नसेल, तर हे त्याचं लेखी रूप.

समजा, तुमच्या ताईला बाळ झालंय. सगळे खूश. तेवढ्यात कुणीतरी दुपटं बाजूला करून पाय मोजतं. एक, दोन, तीन... सहा! मग खोलीत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "लकी आहे, हात लावू नका." दुसरी म्हणते, "ग्रहणात भाजी चिरली असणार हिने." आणि बाळंतीण बिचारी रडायला लागते.

म्हणून पहिलं उत्तर तिच्यासाठी. यात तिचा काहीही दोष नाही.

मग हे होतं कसं?

गर्भाचे पाय सुरुवातीला चपट्या वल्ह्यासारखे असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास मधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. किती बोटं आणि कुठे, याचा निरोप देणाऱ्या जनुकांपैकी एकाचं नाव आहे 'सोनिक हेजहॉग'. हो, तोच, व्हिडिओ गेममधला! या निरोपात थोडी गडबड झाली की एखादं बोट जास्त येतं. अमेरिकेत की वेस्टला लेखक हेमिंग्वेच्या घरात सहा बोटांच्या मांजरी आहेत ना, त्यांच्यातही याच जनुकाचं 'स्विच' बिघडलेलं सापडलंय.

बऱ्याचदा हे घराण्यात चालत आलेलं असतं. आजोबांना होतं, बाबांना नाही, नातवाला आहे, असंही होतं. याचं वैद्यकीय नाव पॉलिडॅक्टिली. बहुतेक बाळं बाकी ठणठणीत असतात. पण काही वेळा हृदय, डोळे किंवा किडनीच्या आजाराचा ते एक भाग असतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून बाळाची पूर्ण तपासणी करून घ्यायचीच.

काढायलाच हवं का?

नाही, सक्ती नाही. जलपायगुडीची स्वप्ना बर्मन आठवतेय? तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये तिने हेप्टॅथलॉनमध्ये 6026 गुणांसह गोल्ड मारलं. या खेळात असं करणारी ती पहिली भारतीय! पण तिचा खरा त्रास होता बूट. चवडा रुंद, साधे बूट घट्ट, त्यामुळे पाय दुखायचे. पुढे तिच्यासाठी खास बूट बनवले गेले. तशी सोय सगळ्यांची होत नाही.

म्हणजे मुद्दा दिसण्यापेक्षा बुटाचा आहे. बोट बाहेर आलेलं असेल, घासून घट्टे पडत असतील, चालताना दुखत असेल, तर ऑपरेशनचा फायदा होतो. बोट छोटं आहे, सरळ आहे, बुटात नीट बसतंय, तर ठेवलं तरी चालतं.

कधी करतात?

साधारण बाळ एक वर्षाचं होताना. तोवर भूल देणं जास्त सुरक्षित असतं, एक्स-रेमध्ये हाडं जरा स्पष्ट दिसतात, आणि चालायला-बूट घालायला लागायच्या सुमारास पाय तयार होतो. उशीर झाला तरी घाबरू नका, मोठेपणीही करता येतं.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

इथे एक गैरसमज आहे. "एक बोट तर कापायचंय, त्यात काय!" असं नसतं.

आधी एक्स-रे. जास्तीचं बोट कधी फक्त कातडीला लटकलेलं असतं, कधी त्याला स्वतःचं हाड आणि सांधा असतो, तर कधी चवड्यातलं हाडच इंग्रजी 'वाय'सारखं दुभंगलेलं असतं. त्यावरून कोणतं बोट ठेवायचं ते ठरतं. बहुतेक वेळा जास्तीचं बोट करंगळीच्या बाजूला असतं, आणि बऱ्याचदा सगळ्यात बाहेरचं काढतात. पण आतलं जास्त अशक्त असेल तर ते.

मग बोट काढून हाडाचा फुगीर भाग तासतात. सांधा धरून ठेवणारे बंध पुन्हा शिवतात, नाहीतर उरलेलं बोट वाकडं होतं. हाड वाढवणाऱ्या भागाला धक्का लागू देत नाहीत. अंगठ्याच्या बाजूचं काम जास्त अवघड, कारण अंगठा आतल्या बाजूला वळायची भीती असते. कधीकधी काही आठवडे बारीक तार घालून ठेवतात. बोटं जोडलेली असतील तर कातडीही लावावी लागू शकते.

नंतर ड्रेसिंग किंवा प्लास्टर, साधारण दोन ते चार आठवडे. मुलं लवकर सावरतात. जखम चिघळणं, व्रण, थोडा फुगवटा राहणं, बोट वाकडं होणं हे धोके आहेत. क्वचित दुसरं ऑपरेशन लागतं.

घरी दोरा बांधू नका!

हे नीट ऐका. दोरा किंवा केस बांधून बोट 'गळवायचा' उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने रक्तस्राव होऊ शकतो, जखम चिघळू शकते, आत हाडाचा तुकडा राहतो आणि तुटलेल्या नसेची दुखरी गाठ आयुष्यभर सतावू शकते.

डॉक्टरांना हे विचारा

कोणतं बोट काढणार आणि का? हाड किती काढणार? प्लास्टर किती दिवस? पाय वाढताना किती वर्षं दाखवायला यायचं? आणि लहान मुलांची अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळांमध्ये मुलं तपासायला येतात, त्यांनाही पाय दाखवा.

आणि फॅमिली ग्रुपवर पुढच्या वेळी "ग्रहणामुळे झालं" असा मेसेज आला, तर भांडू नका. ही लिंक टाका. त्या ताईला तेवढाच आधार. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!