पाच इंचांचा टेकाड आणि पिचरचं वर्ष

मित्रांनो, आपल्या टीव्ही रूममध्ये क्रिकेटची मॅच चालू असताना कोणी बेसबॉल लावलं, तर रिमोट कोणत्या खिडकीतून बाहेर जाईल सांगता येत नाही! तरीही आज बेसबॉलवरच लिहितोय. कारण अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा १९६८ चा सीझन हा जितका खेळाचा विषय आहे, तितकाच इंजिनिअरिंगचाही आहे. त्या वर्षी पिचर मंडळींनी बॅट्समनचे इतके हाल केले, की शेवटी खेळाचे नियमच बदलावे लागले.

आधी थोडं बेसिक. पिचर म्हणजे आपला बॉलर, पण तो रनअप घेत नाही आणि बॉलचा टप्पाही पाडत नाही. मातीच्या एका छोट्या टेकाडावर उभं राहून तो सरळ फेकतो. या टेकाडाला 'माउंड' म्हणतात. तिथून होम प्लेटचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १८.४ मीटर. आपली क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची, म्हणजे इथे अंतर थोडं कमीच. प्लेटच्या वर हवेत एक काल्पनिक चौकट असते, ती 'स्ट्राइक झोन'. बॉल त्यातून गेला आणि बॅट्समनने मारला नाही, तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की गडी बाद.

पिचरचा पॉइंटर मोजतात तो 'ईआरए'ने. फिल्डरांच्या चुकांमुळे गेलेले रन सोडून, त्याने दर ९ इनिंगला सरासरी किती रन दिले तो आकडा. जितका कमी तितका पिचर भारी. १९६८ मध्ये सगळ्या लीगची सरासरी ३ च्या आसपास होती.

आता सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनचं गणित करून बघा. ३०४ पूर्णांक २/३ इनिंग, दिलेले रन ३८. अडतीस गुणिले नऊ, भागिले इनिंग. उत्तर १.१२! ३४ मॅच त्याने सुरू केल्या आणि त्यातल्या २८ एकट्याने शेवटपर्यंत टाकल्या. १३ मॅचमध्ये समोरच्याला एकही रन नाही. आधीच्याच वर्षी, १९६७ मध्ये, रॉबर्टो क्लेमेंटेने मारलेला बॉल लागून याच माणसाच्या पायाचं हाड मोडलं होतं, हे विशेष.

बाकीची गँगही काही कमी नव्हती. डेट्रॉइट टायगर्सचा डेनी मक्लेन ३१ मॅच जिंकला. त्याआधी तीस विजय मिळवणारा पिचर होता १९३४ चा डिझी डीन, आणि मक्लेननंतर आजपर्यंत कोणीही नाही. क्लीव्हलंडचा लुईस टिआन्ट बॅट्समनकडे चक्क पाठ फिरवून मग वळून फेकायचा, त्याचा ईआरए १.६०. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या डॉन ड्रायस्डेलने ओळीने सहा मॅचमध्ये शून्य रन दिले, सलग ५८ पूर्णांक २/३ इनिंग. हा विक्रम मोडायला १९८८ साल उजाडलं, आणि तोसुद्धा ओरेल हर्शायझरने जेमतेम, ५९ इनिंगने मोडला. सप्टेंबरात तर कहरच झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गेलॉर्ड पेरीने कार्डिनल्सला एकही हिट मिळू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी, त्याच मैदानावर, कार्डिनल्सच्या रे वॉशबर्नने त्यांना तसंच परत केलं. उसनं फेडणं म्हणतात ते हेच!

बॅट्समनची अवस्था काय? अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी .३०० च्या वर सरासरी असलेला एकच माणूस होता, कार्ल यास्त्रेम्स्की, आणि तोही .३०१! इतक्या कमी सरासरीवर हा किताब ना त्याआधी कोणाला मिळाला होता, ना त्यानंतर मिळाला.

मग लीगच्या मालकांनी १९६९ साठी दोन बदल केले. माउंडची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली. आणि स्ट्राइक झोन, जो १९६३ पासून खांद्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत होता, तो काखेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत छोटा केला.

पाच इंचांनी काय होतंय, असं वाटेल. कॅल्क्युलेटर काढा. ६० फूट ६ इंच म्हणजे ७२६ इंच. पाच भागिले ७२६, म्हणजे बॉल खाली येण्याचा कोन साधारण ०.४ अंशाने कमी. दिसायला चिल्लर. पण बॅट गोल, बॉल गोल, आणि निर्णय घ्यायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ. बॉल जितका उंचावरून उतरत येतो, तितकी आडव्या बॅटची आणि त्याच्या मार्गाची गाठ थोडाच वेळ पडते. मार्ग सपाट झाला की बॅट्समनला चुकायला जागा मिळते.

निकाल? एका टीमचे एका मॅचमधले सरासरी रन ३.४२ वरून ४.०७ वर गेले. पण थांबा, सगळं श्रेय माउंडला देऊ नका. लॅबमध्ये सर काय सांगतात? एका वेळी एकच व्हेरिएबल बदला. इथे माउंड बदलला, स्ट्राइक झोन बदलला, आणि त्याच वर्षी टीम २० च्या २४ झाल्या, म्हणजे कितीतरी नवखे पिचर आत आले. या जर्नलवर सही मिळणं कठीणच! नेमकं कशामुळे किती, हे नुसत्या बेरजेवरून सुटं करता येत नाही.

आता खरा प्रश्न, जो दर सेमिस्टरला आपल्यालाही पडतो. पेपर सोपा होता की पोरगा हुशार? मला वाटतं, याचं उत्तर त्याच पेपरला बसलेल्या बाकीच्यांकडे असतं. उंच माउंड सगळ्यांनाच होता. तरी बाकीचे ३ वर आणि गिब्सन १.१२ वर. १९६९ मध्ये माउंड खाली आल्यावर त्याचा ईआरए २.१८ झाला आणि तो २० मॅच जिंकला. म्हणजे पेपर थोडा सोपा होता हे खरं, आणि पोरगा हुशार होता हेही खरं.

आणि नुसत्या विजयांच्या आकड्याचं म्हणाल, तर १.१२ वाला गिब्सन त्याच सीझनमध्ये ९ मॅच हरला. पेरीच्या त्या मॅचमध्ये त्याने एकच रन दिला, पण त्याच्या टीमने शून्य केले. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

शेवटी वर्ल्ड सिरीज. पहिल्या मॅचमध्ये गिब्सनने मक्लेनच्या टायगर्सचे १७ गडी स्ट्राइकवर काढले, जो आजही वर्ल्ड सिरीजचा विक्रम आहे. पण सातव्या, निर्णायक मॅचमध्ये सहा इनिंग दोन्हीकडे शून्य असताना, सातव्या इनिंगमध्ये त्याचा उत्तम फिल्डर कर्ट फ्लड एका उंच बॉलचा अंदाज चुकला आणि दोन रन गेले. टायगर्स ४-१ ने जिंकले. हिरो ठरला ना मक्लेन ना गिब्सन, तर सिरीजमध्ये तीन मॅच जिंकणारा मिकी लोलिच.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी नुसता आकडा तोंडावर फेकला, की आधी क्लासची सरासरी विचारा. आणि जमलं तर माउंडची उंचीही!