तोमानचं कुटुंब आणि तापलेलं पाणी

आभाळ कोरडं होतं, तरी पाण्यावर एकाच जागी थेंब पडल्यासारखी बारीक टपटप चालली होती. लोअर सेलेटार जलाशयाच्या काठावर मी रॉड हातात धरून थबकले. नीट पाहिलं तर ती शेकडो पिल्लं होती, नारिंगी, अंगावर काळे पट्टे, श्वास घ्यायला वर येणारी. त्यांच्या खाली हातभर खोलवर दोन काळपट निळ्या सावल्या फिरत होत्या. आई आणि बाप. तोमानशी माझी पहिली भेट ही अशी झाली, आणि गेली अकरा वर्षं सिंगापुरातल्या माझ्या बहुतेक रविवारच्या सकाळी त्याच्याच आहेत.

तोमान म्हणजे आपल्या मरळीचा थोरला भाऊबंद. लांबी मीटरभरापर्यंत जाते, वजन वीस किलोपर्यंत. भंडाऱ्याला आजोळी उन्हाळ्यात मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आटायला लागला की ढिवरांची पोरं कमरेएवढ्या चिखलात हात घालून मरळ काढायची, आणि ती पाटीत टाकल्यावरही तासन्‌तास जिवंत असायची. तेव्हा मला तो चमत्कार वाटे. गुपित डोक्यात आहे. कल्ल्यांच्या वर या माशांना हवा धरून ठेवणारा एक कप्पा असतो. वर येऊन तोंडभर हवा घ्यायची आणि खाली जायचं. मोठ्या तोमानला तर ही हवा लागतेच, वर येऊ दिलं नाही तर तो पाण्यात गुदमरून मरतो. मासा बुडून मरतो, यावर माझ्या मुलीचा अजूनही विश्वास बसत नाही!

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. सिंगापुरात १७ जलाशय आहेत. सर्वांत जुना मॅकरिची, १८६८ सालचा. क्रांजी (१९७५) आणि लोअर सेलेटार (१९८६) नद्यांच्या मुखाशी बांध घालून झाले, म्हणून इथली नदी म्हणजे बहुधा तळंच. जलमंडळाने ठरवून दिलेल्या जागीच गळ टाकता येतो, तोही कृत्रिम आमिष लावून. गांडूळ, कोळंबी चालत नाही, कारण हे पिण्याचं पाणी.

आता उन्हाचं. दहा अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. उलट, पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते. थंड देशांतले ट्राउटचे शौकीन म्हणूनच नदी वीस अंशांच्या आसपास गेली की गळ गुंडाळून घरी जातात. इथलं पाणी तर बाराही महिने तीसच्या आसपास. तोमान हवेवर निभावतो. पण दक्षिण अमेरिकेतून इथे आणलेला पीकॉक बास फक्त कल्ल्यांवर जगतो, त्याची दमछाक जिवावर बेतते.

पाऊस लांबला की हे सगळं आणखी बिकट होतं. सिंगापुरात २०१४ साली १३ जानेवारीपासून ८ फेब्रुवारीपर्यंत सलग २७ दिवस पाऊस नव्हता. तो फेब्रुवारी १८६९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा महिना ठरला. पुढे २०१६ च्या ऑक्टोबरात शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधला लिंग्यू जलाशय २० टक्क्यांवर आला. त्यातून सोडलेलं पाणी जोहोर नदीत समुद्राचा खारेपणा मागे रेटतं, म्हणून सिंगापूरच्या वाट्याचं पाणी उचलता येतं. नळ सोडताना मला अजून तो जलाशय आठवतो.

एका मार्चमध्ये भर दुपारी क्रांजीला मी एक बास बराच वेळ खेळवला, मग फोटोसाठी तापलेल्या फळ्यांवर ठेवला. सोडला तेव्हा तो पोट वर करून तरंगत राहिला. ती चूक माझी होती. तेव्हापासून जाड दोरा वापरते, म्हणजे मासा लवकर काठाशी येतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकते. हात ओले करूनच मासा धरते, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमा चिघळतात. शक्यतो पाण्यातच गळ सोडवते. दुपारी जातच नाही. वेळेतही एक खुबी आहे. वाहत्या नदीत पहाट उत्तम, कारण पाणी तेव्हा सर्वांत गार. शेवाळाने हिरव्या झालेल्या साठलेल्या पाण्यात मात्र पहाटेच प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण शेवाळही रात्रभर तो वापरत असतं. म्हणून मी ऊन थोडं चढल्यावर, आठनंतर दोरा टाकते.

तोमानच्या बाबतीत माझं मत याहून कडक आहे. पिल्लांच्या थव्यातून आमिष ओढलं की आईबाप त्यावर तुटून पडतात. भूक नसते, राखण असते. मोठा तोमान मिळवायचा हा सर्वांत सोपा मार्ग, म्हणूनच अनेकजण थवे शोधत फिरतात. राखणदार दहा मिनिटं जरी दोऱ्याला लागला, तरी तेवढ्यात बाकीचे मासे पिल्लांवर ताव मारतात. सोडून दिलेला मासा दमलेला, आणि थवा विरळ झालेला. पकडून सोडला म्हणून हिशेब चुकता होतो, हे मला मान्य नाही.

गेल्या फेब्रुवारीत सेलेटारला दोन मुलं असाच एक थवा हेरून उभी होती. मी जवळ जाऊन खालच्या सावल्या बोटाने दाखवल्या. "आंटी, ते दोघे असतात?" त्यातल्या धाकट्याने विचारलं. मग त्याने दोरा गुंडाळला. एक सावली वर आली, गुळुक असा आवाज झाला, पाण्यावर वर्तुळ उमटलं, आणि नारिंगी टपटप हळूहळू लव्हाळ्याकडे सरकत गेली.