उघाडीपासून धारण तलावापर्यंत

जुईनगर-नेरूळ परिसरातले नाले आज काँक्रीटच्या भिंतींत कोंडलेले दिसतात. मुळात ते पारसिकच्या डोंगररांगेतून ठाणे खाडीकडे उतरणारे ओढे. वरून पावसाचं गोडं पाणी, खालून भरतीचं खारं. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आगरी शेतकऱ्यांनी भात पिकवला.

खाडीच्या कडेने चिखलमातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी बसवायची. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिची झडप उघडते, साचलेलं पाणी खाडीत जातं. भरती चढली की बाहेरचा दाब तीच झडप घट्ट लावतो. माणूस लागत नाही, वीज तर नाहीच! पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की भात. तोही काळा राता या वाणासारखा, खारटपणा सोसणारा. बांध फुटला तर मात्र खारं पाणी शिरून शेत नापीक व्हायचं.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, भराव पडले. भरतीचं वेळापत्रक थोडंच बदलणार? म्हणून धारण तलाव आले: भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर पाणी तिथे थांबतं, ओहोटीला झडपांतून बाहेर पडतं. श्रेय डच तंत्राला दिलं जातं. माझ्या मते थोडं उघाडीलाही द्यावं. आता या तलावांत गाळ साचून कांदळवन वाढलंय, साठवण घटलीय. पण कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ उपसायलाही आधी परवानगी लागते.