सरकारी मदत कोणाच्या नावावर येते?



गावाकडच्या शेतकऱ्यांसाठी वर्गणी मागायला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "अहो, सरकार देतंच की मदत! मग आपण कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी आपण राहतो त्या अमेरिकेत काय पद्धत आहे ते बघू.

इथे हिशोब काउंटीचा. नैसर्गिक आपत्तीत काउंटीतल्या एखाद्या पिकाचं निदान ३० टक्के उत्पादन बुडालं, की कृषिमंत्री ती काउंटी आपत्तीग्रस्त जाहीर करू शकतात. दुष्काळाचं काम तर २०१२ पासून जवळजवळ प्रोग्रामसारखं चालतं. दर गुरुवारी देशाचा दुष्काळ-नकाशा निघतो. त्यात पिकाच्या हंगामात काउंटी सलग ८ आठवडे 'डी-२' पातळीवर राहिली, किंवा एकदा जरी 'डी-३' वर गेली, की घोषणा होते. लागून असलेल्या काउंट्याही त्यात धरतात.

गंमत म्हणजे ह्या घोषणेने कोणाच्या खात्यात थेट पैसे पडत नाहीत. मिळतं ते कमी व्याजाचं कर्ज, जास्तीत जास्त ५ लाख डॉलर, आणि अर्ज ८ महिन्यांच्या आत करायचा. रोख मदतीच्या योजना वेगळ्या. दुष्काळाने कुरणं वाळली तर चाऱ्याच्या खर्चाचा काही भाग मिळतो, वादळात-पुरात गुरं दगावली तर बाजारभावाच्या ७५ टक्के. बाकी भिस्त पीक विम्यावर, आणि त्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं.

पण खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दरवर्षी शेतकरी काउंटीच्या शेती ऑफिसात जाऊन नोंद करतो: कुठल्या शेतात किती एकर, काय पेरलं, आणि त्या पिकात कोणाचा किती वाटा. मदत ह्या वाट्याप्रमाणे मिळते. जमीन ठरलेल्या रोख भाड्याने घेतली असेल तर पीक बुडण्याचा धोका कसणाऱ्याचा, म्हणून मदतही त्याचीच. जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न तिथे दुय्यम.

आता आपल्याकडे बघा. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त बुडालं तर मदत मिळते (२०१५ पूर्वी ही अट ५० टक्के होती). २०२२ ते २०२६ साठी ठरलेले केंद्राचे दर असे: कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५००, आणि मर्यादा २ हेक्टरची. म्हणजे पाच एकर कोरडवाहू सोयाबीन अख्खं पाण्यात गेलं तर हातात १७,००० रुपये, आपल्या हिशोबात दोनशे डॉलरच्या आसपास! २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा राज्य सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि मर्यादा ३ हेक्टरपर्यंत वाढवली.

पण पंचनामा होतो तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याचा. बटईने शेत करणाऱ्याचं नाव तिथे नसतं. कूळकायद्याच्या धास्तीने मालक लेखी करार करतच नाही, सगळा तोंडी व्यवहार. बियाणं-खताचा खर्च बटईदाराने केला, पीक त्याचं वाहून गेलं, आणि मदत मात्र मालकाच्या खात्यात. मालक भला असेल तर देतो, नाहीतर नाही. मजुरांचं तर विचारूच नका. शेत पाण्यात गेलं की काढणीची मजुरीही गेली, आणि पिकाच्या मदतीत त्यांना रकानाच नाही. तलाठ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या कागदावर जे नाव आहे तेच तो लिहिणार.

तेव्हा "आपण कशाला?" ह्याचं उत्तर हे आहे. सरकार देतं त्यालाच आणखी थोडं देण्यात फारसा अर्थ नाही. आपला निधी सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांपर्यंत पोचायला हवा. गावातल्या शाळामास्तरांना, बचत गटातल्या बायकांना विचारलं तर अशी घरं कुठली हे ते लगेच सांगतील. वाटपाची यादी सातबाऱ्यावरून न करता त्यांच्याकडून करून घ्यावी, एवढीच मंडळाला विनंती.

आणि तुम्हाला विनंती? चेकबुक जवळच असेल ना!