ओलावलेली भिंत : दुखणे एकाचे, उपचार सगळ्यांचे

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहेत. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे घाटाच्या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाणी सोडतात. त्यामुळे या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. घाटावर साठवलेले हेच पाणी खाली आणून खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला मिळाली. योगायोग असा की, मुंबईत गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण सोसायटी नोंदली गेली तीही १९१५ मध्येच. पुढे लोकलच्या रुळांबरोबर सोसायटीची ही पद्धत कर्जत, नेरळ, खोपोलीपर्यंत पोहोचली. आज भिसेगाव, दहिवली किंवा खोपोलीच्या शिळफाटा परिसरात तीन-चार मजल्यांच्या, बहुधा लिफ्ट नसलेल्या इमारती सर्रास दिसतात. कौलारू घरात आगोटीच्या वेळी कौले चाळली की पावसाळ्याची तयारी होत असे. इमारतीत मात्र छप्पर एकाचे नसते. त्यामुळे ते कोणी चाळायचे, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. तो केवळ पैशांचा नाही, आरोग्याचाही आहे.

पाणी आत शिरते कसे?

गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा जुना झाला की त्याला बारीक भेगा पडतात. पाणी साचले की ते या भेगांतून स्लॅबपर्यंत जाते. झोडपणारा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर आडवा आदळतो आणि गिलाव्याच्या तड्यांतून आत मुरतो. याशिवाय बाहेरचे सांडपाण्याचे पाइप, खिडकीचा छज्जा आणि वरच्या घरातील न्हाणीघर या तीन वाटा आहेतच. काँक्रीट आणि विटा वरून घट्ट वाटल्या तरी त्यात केसांहून बारीक छिद्रांचे जाळे असते. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी या छिद्रांतून सरकते. म्हणूनच डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असे नाही. ती दोन खोल्या पलीकडेही असू शकते.

सळईला गंज, स्लॅबला धोका

ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ ते १३ च्या दरम्यान असतो. या वातावरणात आतल्या लोखंडी सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये शिरत राहतो आणि सामू नऊच्या आसपास खाली आणतो. हा बदल सळईपर्यंत पोहोचला की संरक्षक थर जातो. मग पाणी आणि प्राणवायू मिळताच गंज सुरू होतो. बांधकामात खारी रेती नीट न धुता वापरली असेल, तर त्यातील क्षार हे काम आणखी लवकर करतात.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. जागा नसल्याने तो आतून काँक्रीटला ढकलतो. सळईच्या रेषेत सरळ तडा जाणे, तपकिरी डाग उतरणे, ठोकल्यावर पोकळ आवाज येणे आणि छताचे पोपडे सळईसह उघडे पडणे, ही त्याची लक्षणे. अशा जागी नुसते सिमेंट थापून रंग लावला, तर आतला गंज तसाच चालू राहतो. सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून, गरज असेल तिथे नवी सळई जोडून मगच दुरुस्ती टिकते. त्याआधी पाण्याची वाट बंद व्हायला हवी.

भिंतीवरची बुरशी आणि छातीतली घरघर

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. त्यांना रुजायला ओल आणि थोडे अन्न पुरते. हे अन्न रंग, धूळ, कागद आणि लाकडात असते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल आणि बुरशीबाबत २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओल्या घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास वाढण्याची शक्यता अधिक असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले, वृद्ध आणि आधीपासून दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना याचा फटका जास्त बसतो. पावसाळ्यात रात्रीचा खोकला थांबत नसेल, घराबाहेर गेल्यावर बरे वाटत असेल आणि परत आल्यावर पुन्हा त्रास होत असेल, तर डॉक्टरांना घरातील ओलीबद्दल आवर्जून सांगावे.

ओल केवळ बाहेरून येते असेही नाही. स्वयंपाकाची वाफ, आंघोळ आणि खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे हवेत बरेच पाणी सोडतात. पावसाने गार झालेल्या भिंतीवर ते दवासारखे जमते. म्हणून स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा चालवावा. कपडे शक्यतो एकाच खोलीत, खिडकी किलकिली ठेवून पंख्याखाली वाळवावेत. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.

बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नये, बीजाणू उडतात. मास्क आणि हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

गच्चीवरचे डास

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पाणी आटले तरी अंडी कित्येक महिने टिकून राहतात. टाकीचे उघडे झाकण, गच्चीवरचे भंगार, कुंड्यांखालच्या ताटल्या ही त्यांची ठिकाणे. हा डास फार लांब उडत नाही. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर चावणारा डास बहुधा त्याच आवारात जन्मलेला असतो. आठवड्यातून एक दिवस संपूर्ण इमारतीने कोरडा पाळला, तरच उपयोग होतो. जमिनीखालची टाकी आणि सांडपाण्याचे चेंबर जवळ असतील, तर टाकीच्या तड्यांकडेही लक्ष हवे. पावसाळ्यात त्यातून दूषित पाणी शिरू शकते.

खर्च कोणी करायचा?

गळतीवरून शेजाऱ्यांत अबोला धरला जातो तो याच प्रश्नावर. वरच्या मजल्याचे घर गळते, खालचे म्हणतात, आम्हाला काय त्याचे? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत उत्तर स्पष्ट आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारे पावसाचे पाणी, सामाईक पाइपांची गळती आणि गच्चीच्या गळतीमुळे खराब झालेले वरच्या घराचे छत, या दुरुस्त्या सोसायटीच्या खर्चाने करायच्या आहेत. घरातील न्हाणीघर, संडास किंवा सिंकमधील गळती मात्र त्या सदस्याने दुरुस्त करायची आहे.

त्यासाठीची तरतूदही तिथेच आहे. बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड जमा करायचा असतो. समजा, सोळा घरांची इमारत आहे आणि प्रत्येक घराचा बांधकाम खर्च आठ लाख रुपये आहे. घरामागे वर्षाला आठ हजार, म्हणजे महिन्याला साडेसहाशेच्या आसपास रुपये होतात. दहा वर्षांत इमारतीकडे पावणेतेरा लाखांहून अधिक रक्कम जमते. देखभाल खर्च कमी दिसावा म्हणून हे निधी टाळले, की एका पावसाळ्यात मोठी वर्गणी मागण्याची वेळ येते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना ती झेपत नाही, आणि काम पुढच्या वर्षावर जाते. गंज मात्र थांबत नाही.

पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करावे, असे उपविधी सांगतात. या तपासणीत फिनॉल्फ्थॅलीनचा फवाराही मारतात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर तो गुलाबी झाला तर अल्कधर्म शाबूत आहे. रंग आला नाही तर संरक्षण संपत आले आहे. गच्चीवर पत्र्याची शेड घालणे अनेकांना सोपे वाटते. तिने पाणी अडते, पण आधी स्थानिक प्राधिकरणाची परवानगी आणि अभियंत्याचा सल्ला घ्यावा. आधीच गंजलेल्या सळया शेडमुळे बऱ्या होत नाहीत.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. तेव्हा भिंतींवरचे डाग अजून ओलेच असतात. प्रत्येक घरातील डागांची छायाचित्रे तारखेसह त्या सभेपुढे ठेवावीत. परीक्षणाचा ठराव तेव्हाच झाला, तर ऑक्टोबर ते मे हे कोरडे महिने कामाला मिळतात. गच्चीची दुरुस्ती उन्हातच होते.