आईचे अक्षर

निवृत्तीनंतर माणसाला एखादे वेड हवे म्हणतात. मला ते गेल्या वर्षी लागले. घरात ५ वॅटचे लेसरचे कोरणीयंत्र आले. त्याचा निळा किरण संगणकातील चित्राबरहुकूम फिरतो आणि लाकूड करपवून आकृती उठवतो.

कारखान्यांतून लाकूड कापणारा कार्बन डायऑक्साइडचा लेसर १९६४ साली अमेरिकेत कुमार पटेल यांनी शोधला. हे पटेल जन्माने बारामतीचे, शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात! माझे यंत्र त्या जातीचे नव्हे, तरी माझी छाती उगीचच फुगली.

फुगा लवकरच फुटला. नातवाच्या वहीच्या रेक्झिनवर नाव कोरू लागलो, तो उग्र वास सुटून सर्वांचे डोळे चुरचुरले. रेक्झिन पीव्हीसीचे होते. ते जळले की विषारी हायड्रोजन क्लोराइड निघतो. सौ.ने यंत्र खिडकीपाशी हलवले, आणि खास चष्म्याशिवाय जवळ जायला सर्वांना बंदी केली.

मग एकदा आईची चकलीच्या भाजणीची चिठ्ठी सापडली. आईला जाऊन नऊ वर्षे झाली. त्यात ‘धणे’ दोनदा खोडलेले. फोटो घेऊन मी संगणकावर ती खाडाखोड पुसू लागलो.

“अहो, राहू द्या ना ती,” सौ. म्हणाली. “सासूबाई त्यातच आहेत.”

सागाच्या फळीवर चिठ्ठी तशीच कोरली. भाऊबीजेला बहीण आली. फळी हाती घेऊन तिने त्या खोडलेल्या अक्षरांवरून नुसते बोट फिरवले.

यंदाची भाजणी त्या फळीवरूनच झाली.