मासनेची गोधडी

1973च्या उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल बॅलेचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ चालू असताना मध्यंतरात नर्तकी अँटोनेट सिब्लीच्या रंगपटात एक कादंबरी येऊन पडली. ती ठेवली होती संचालक आणि नृत्यरचनाकार केनेथ मॅकमिलन यांनी. आबे प्रेव्होची ही फ्रेंच कादंबरी 1731ची. इशारा स्पष्ट होता: पुढची नायिका तू. 7 मार्च 1974 रोजी कॉव्हेंट गार्डनला त्याच कादंबरीवरचा ‘मॅनाँ’ हा बॅले रंगमंचावर आला. नायक द ग्रियच्या भूमिकेत अँथनी डॉवेल होते.

कथानक ऑपेराच्या रसिकांना पाठ आहे. गरीब विद्यार्थ्यावर जीव जडलेली मुलगी, तिला श्रीमंत म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा सख्खा भाऊ, मग जुगार, अटक, लुइझियानाला हद्दपारी.

खरी गंमत संगीतात आहे. संगीतकार मासनेचा ‘मॅनाँ’ ऑपेरा 1884 पासून गाजत होता. बॅलेसाठीही मासनेच निवडला, पण त्या ऑपेरातला एक सूरही घ्यायचा नाही असं ठरलं! मग त्याच्या इतर ऑपेरांतून, ऑरेटोरिओंतून, गाण्यांतून तुकडे वेचण्यात आले. शयनगृहातल्या युगुलनृत्यासाठी ‘सांद्रियाँ’, म्हणजे सिंड्रेलाच्या ऑपेरातलं संगीत आलं. लुइझियानाच्या दलदलीतल्या अखेरच्या मरणनृत्याला तर चक्क कुमारी मेरीवरच्या ऑरेटोरिओतलं.

ही गोधडी शिवली लेटन लुकस यांनी, सरावाच्या पियानोवादक हिल्डा गॉन्ट यांच्या मदतीने. लुकस यांचं नाव आज फारसं कोणी घेत नाही. पोरवयात ते द्यागिलेव्हच्या ‘बॅले रूस’ या नृत्यमंडळीत नाचले होते. पुढे संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक झाले, हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’ला त्यांनी संगीत दिलं. नर्तकाचा श्वास कुठे संपतो हे पायांनी शिकलेल्या माणसाच्या हाती हे काम गेलं, हे ‘मॅनाँ’चं भाग्यच. 2011 मध्ये मार्टिन येट्स यांनी वाद्यवृंदाची मांडणी नव्याने केली, तरी मूळ वीण लुकस यांचीच.

निकोलस जॉर्जियाडिस यांचं नेपथ्यही चिंध्यांचंच. झगमगाटामागे सतत लक्तरं लोंबत असतात. पहिल्या प्रयोगानंतर काही समीक्षकांनी नायिकेला हावरट ठरवून नाकं मुरडली. त्यांनी ती लक्तरं नीट पाहिली नसावीत. मॅकमिलन यांच्या मते मॅनाँला गरिबीची भीती नाही, लाज वाटते. हे त्यांना कुठून कळलं? डनफर्मलाइनमध्ये 1929 साली जन्मलेल्या या मुलाच्या घरी पैशांची कायम ओढाताण. पंधराव्या वर्षी त्याने वडिलांच्या नावाने खोटं पत्र लिहून रॉयल बॅलेच्या संस्थापक निनेट द व्हॅल्वा यांच्याकडे नृत्यचाचणी मागितली होती. कंगालपणातून बाहेर पडायला माणूस काय काय करतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

म्हणून दुसऱ्या अंकातल्या मेजवानीत पुरुष मॅनाँला हातोहात झेलत नेतात, तेव्हा ती जिंकतेय की विकली जातेय, हे ठरवता येत नाही. पुढे हातातल्या ब्रेसलेटवरून प्रियकराशी भांडण होतं. तिसऱ्या अंकात तुरुंगाधिकारी बलात्कारानंतर तिच्या मनगटात तसंच एक ब्रेसलेट चढवतो. इतकं निर्दय गणित मासनेच्या ऑपेरात नाही. तिथे मॅनाँ अमेरिकेला पोचण्याआधीच मरते.

1990 मध्ये हा बॅले पॅरिस ऑपेराच्या संग्रहात दाखल झाला. मासनेच्याच शहरात, मासनेच्याच सुरांवर नाचणाऱ्या या नायिकेला तिथे नुसतं ‘मॅनाँ’ म्हणून मिरवता आलं नाही. फलकावर नाव लागलं ‘लिस्त्वार द मॅनाँ’, मॅनाँची गोष्ट.